काकूंच्या माळ्यावरचं शिकागो

“अगं ए, कुरडया राहू दे. माळा झाडताना काय सापडलं बघ!”

सावेडीतली आमची कंपाउंडची भिंत जेमतेम कमरेएवढी. काकू इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका, तोंड उघडलं की तास भरलाच. त्यांनी भिंतीवरून पुठ्ठ्याचं एक कार्ड पुढे केलं. जवळजवळ सारखेच दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले. मधे तळं, काठाला खांब नि घुमट, सगळं पांढरंधोप.

“कुठलं हो हे? रोम?”

“शिकागो. १८९३ चं जागतिक प्रदर्शन. सासूबाईंच्या आजीला मिशनच्या शाळेत मडमेनं दिलं म्हणे. आपल्या नगरच्या मिशनचे ह्यूमसाहेब तिथल्या सर्वधर्म परिषदेत बोलले होते. मुंबईचे ब्राह्मो नगरकरसुद्धा.”

“नगरकर? म्हणजे आपलेच!”

“तुला सगळेच आपले. आणि हे संगमरवर नव्हे हं. आत लोखंड-लाकूड, वरून प्लास्टर नि तागाचे धागे.”

“अगंबाई, म्हणजे गणपतीचा देखावाच की!”

“तस्साच. फक्त दहा दिवसांऐवजी सहा महिने.”

“मग लोकांनी फोटो काढले असतील धडाधड.”

“काढू देतील तर ना! अधिकृत फोटोग्राफर आर्नोल्ड. अशी जोडकार्डं काढायचा मक्ता किलबर्नकडे. बाकीच्यांना स्टँड लावायची बंदी. हातातला छोटा कॅमेरा न्यायचा तर रोजचे दोन डॉलर, आणि आत जायचं तिकीट अर्धा डॉलर!”

“चौपट? त्यापरीस आमच्या पुतण्याच्या लग्नातला फोटोवाला बरा. नुसतं ‘मोबाईल खाली घ्या’ म्हणून ओरडत होता.”

“पुढच्या जुलैत आग लागली, त्यात हे बरंचसं जळून गेलं. राहिलं ते पुठ्ठ्यावर.”

मला एकदम हळहळ वाटली. “विवेकानंद बोलले तो हॉलपण गेला?”

“छे! ती इमारत या देखाव्यातली नव्हेच. ती गावात, पक्की बांधलेली. अजून उभी आहे, चित्रांचं संग्रहालय आहे तिथे.” काकूंनी कार्ड माझ्या नाकापाशी धरलं. “बघायची दुर्बीण कुणी हरवली कोण जाणे. कार्डाच्या पार लांब बघतेयस अशी नजर सैल सोड, दोन्ही फोटो एकावर एक येऊ देत.”

मी सोडली. आधी नुसती भोवळ. मग खांब हळूच पुढे सरकले, तळं मागे गेलं, मधे चक्क हवा दिसायला लागली.

“दिसलं?”

“दिसलं काकू! आत हात घालता येईल असं!”

“बरं. आता नजर ठिकाणावर आण आणि मागे बघ. कुरडयांवर कावळा बसलाय.”