लेझरनं केलाव का साधंच?

रेणापुरात हल्ली साधं काही होतच नाही! मुतखडा? लेझर. मूळव्याध? लेझर. चष्मा, चामखीळ, हनुवटीवरचे केस? लेझर, लेझर, लेझर! तब्येत कशी हे नंतर, आधी प्रश्न, "मामा, लेझरनं केलाव का साधंच?" आणि साधंच केलेल्या मामानं मान खाली घालून सगळ्यांच्या चहाचे पैसे द्यायचे. कलियुग म्हणतात ते हेच ना?

स्थळ बघायला येणार म्हणून पोरीचा चष्मा उतरवला. पोलीस भरती आली म्हणून पोराचा. मग आईनंच काय घोडं मारलंय? डॉक्टर घसा फोडून सांगतात, अठरा पूर्ण हवीत, नंबर वर्षभर स्थिर हवा, बुबुळाची जाडी पुरेशी हवी. ऐकतंय कोण? लातूरला दुसरे डॉक्टर नाहीत का!

बरं, चष्मा उतरवणाऱ्या या लेझरचं मूळ कुठं? तर उष्ट्या-खरकट्यात! १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासच्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्कीवर एक्सायमर लेझर मारून पाहिला. मांस चिरलं गेलं, पण कडा करपल्या नाहीत. एका झटक्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर निघतो. म्हणून तर बुबुळ तासता येतं. आणि आमच्या शुद्ध शाकाहारी काकू त्याच किरणासाठी उपाशी नंबर लावून बसल्यात!

खरी गंमत मोतीबिंदूची. काळा गॉगल लावून आजोबा ओट्यावर, गल्लीभर डंका, "लेझरनं झालं, टाका नाही!" कानात सांगू? बहुतेकांचा मोतीबिंदू फेकोनं निघतो, म्हणजे ध्वनिलहरींनी. सुई थरथरते, मोती फुटतो, भुगा ओढून घेतला जातो. महागडा लेझर असला तरी तो छेद देतो, तुकडे पाडतो. पुढं ओढाओढीला बहुधा फेकोच. पण आजोबांना हे सांगायची कुणाची छाती? ज्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावनं डॉ. तात्याराव लहाने दिले, मोतीबिंदूच्या लाखावर शस्त्रक्रिया करणारे, २००८ चे पद्मश्री, त्या तालुक्याला शहाणपण शिकवायचं?

आणि तुम्ही कशाला गालात हसताय? हळूच "लेझरचं पॅकेज किती?" विचारून आलाच असाल ना!

आलाच असाल तर परत जा आणि साखर असलेल्या घरच्या माणसाचा डोळ्याचा पडदा तपासून घ्या. पडदा साखरेनं खराब होत असेल, तर तिथं लेझर खरोखर नजर वाचवतो. पण त्या रांगेत काकूही नाहीत आणि मामाही नाहीत.