काकू समुद्र पाहून आल्या

गोटमारीला, आमच्या पांढुर्ण्याच्या दगडफेकीच्या जत्रेला, दोन दिवस उलटले होते. गल्लीतल्या तिघा पोट्ट्यांच्या डोक्याला अजून पट्ट्या होत्या, आणि पलीकडच्या अंगणात तीन महिन्यांनी खराटा वाजत होता. म्हणजे काकू आल्या. मी सांबार निवडत बसले होते, ती परात तशीच घेऊन कुंपणाशी गेले.

“कवा आल्या जी काकू?”

“काल. विदर्भानं नागपूर, पुढं बसनं. महालक्ष्म्या बसवायच्या हायेत ना घरी! नाई तं पोरगा कुठं सोडते.”

काकूंचा पोरगा मुंबईला वर्सोव्यात राहतो. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणाला म्हणून काकू ज्येष्ठात गेल्या, त्या भादव्यात उगवल्या. आषाढ-श्रावण सगळा समुद्राकाठी. आम्ही पांढुर्ण्याची माणसं फार तर गणपतीपुळ्याला जाऊन पाय भिजवून, फोटो काढून परत येणारी. समुद्राच्या शेजारी बिऱ्हाड करून आलेलं माणूस आमच्या गल्लीत हे पहिलंच. माझ्या नणंद, ताई, महालक्ष्म्यांसाठी सौंसरहून आल्या होत्या, त्याही हात पुसत बाहेर आल्या. कुंपण तारेचं, त्यावर गुळवेल चढलेली. तिच्या पानांमधून तीन तोंडं एकमेकींना बरोब्बर दिसतात.

“मंग? राहायले चांगलं हाय का समुद्रापाशी?” मी विचारलं.

“पयले चार दिवस तं मी खिडकीतून हललीच नाई. सातवा मजला, समोर निस्तं पानी. पाचव्या दिवशी समजलं का नेलेले पापड मऊ पडले, मीठ पाझरलं, अन तवा तांबडा झाला. रातच्याले घासून ठेवला तवा, सकाळी गंज! फ्रिजच्या पायाले गंज, दाराच्या कडीले गंज. सून म्हनते, आई, इथं असंच असते.”

“अन भाडं?” ताईंचा प्रश्न. सौंसरची माणसं मुद्द्यावर लवकर येतात.

काकूंनी भाडं सांगितलं. ते इथे लिहीत नाही. पोराची अब्रू आहे. ताई एवढंच म्हणाल्या, “तेवढ्यात आमच्याकडं वर्साची संत्र्याची बाग ठेक्यानं भेटते.” खरंखोटं त्यांना माहीत. पण मुंबईत खिडकीतून समुद्र दिसला की घराची किंमत वाढते, आणि जो दिसण्याचे पैसे मोजतो तो सकाळी अंधारात निघून रात्री अंधारात घरी येतो, हे काकूंनी डोळ्यांनी पाहिलं. पोराचं ऑफिस घाटकोपरला. बरं, २०१४ पासून वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रो झाली, म्हणून निदान रविवारचा समुद्र तरी त्याच्या वाट्याला येतो.

मधेच काकूंनी भाजीवाल्याची गोष्ट सांगितली. त्याला म्हणाल्या, दहाचा सांबार दे. त्यानं समोरच्या उडप्याच्या हॉटेलाकडे बोट दाखवलं. काकू खरंच तिकडे जायला निघाल्या होत्या. सुनेनं हात धरून आणलं आणि “कोथिंबीर” असा शब्द तीनदा घोकून घेतला.

“पन एक सांगू? घरात नाई वो मजा. मजा खाली हाय,” काकू म्हणाल्या. “त्या बिल्डिंगीत मले पंधरा दिवस झाले, तरी कोनी विचारलं नाई का तुम्ही कोन. लिफ्टमधी सारे आकडे पाहतात, मानसाकडं पाहत नाईत. मंग मी नातीले घेऊन संध्याकाळी वाळूवर जायले लागली. फल्ली घ्यायची अन बसायचं. तिकीट नाई, काई नाई. तिथं बँकेतला साहेब पायजमा वर करून चालते, त्याच्याच बाजूले रिक्षावाला बसते, कोळीन बसते. वर सात मजले, खाली सारे एकाच मजल्यावर.”

मला हे पटलं. समुद्राचा काठ कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो, म्हणून तिथे बसलेल्याला कोणी उठ म्हणत नाही. काठावर जायची वाट मात्र उघडी राहायला हवी. भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या बांधकामाला केंद्र सरकारनं १९९१ साली नियम लावला. तो २०११ ला बदलला, २०१९ ला पुन्हा बदलला. दर बदलात मोजपट्टी थोडी पाण्याकडे सरकते, असं मला बाहेरून बघताना वाटतं.

काकूंची खरी मैत्री जमली ती एका कोळणीशी. काकू माळकरी. मासा खाल्ला नाही, खाणार नाहीत. पण सुरमई, पापलेट, बोंबील, मांदेली अशी नावं आता आरतीसारखी म्हणतात. वर्सोव्याचा कोळीवाडा जुना, बिल्डिंगी नंतरच्या. जून-जुलैत मासेमारीला सरकारी बंदी असते, तो माशांच्या विणीचा काळ. तेव्हा होड्या काठावर ओढलेल्या आणि माणसं जाळी विणत बसलेली. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मग नवा हंगाम. काकूंनीही एक नारळ वाहिला.

“ते बाई मले म्हने का पाऊस गेल्यावर आमी बांबूवर बोंबील वाळवतो, अन वरच्या मजल्यावाले वासाची तक्रार करतात. मी म्हटलं, कमाल हाय! आधी कोन राहत होतं? गोठ्याच्या बाजूले घर घेतलं, अन म्हनते गायीले उठवा!”

“वास तं येते पन,” ताई नाक आक्रसून म्हणाल्या.

“येते ना. संत्र्याच्या मंडीत सडलेल्या मालाचा येत नाई? तिथं कोनी नाक धरते का?”

ताई गप्प झाल्या. अर्थात फार वेळ नाही. “तुमचं काय, तुमचा जिल्हा झाला २०२३ ले, आता तुमाले समुद्रच पाहिजे. आमचं सौंसर तहसीलचं तहसीलच राह्यलं.” हे दर भेटीला एकदा येतंच, आम्ही त्याला उत्तर देत नाही.

काकूंना घड्याळ कळतं, पण भरतीचं घड्याळ त्या कोळणीनं शिकवलं. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोजची वेळ आदल्या दिवसाहून पाऊणएक तासानं पुढे. “गाडीसारखं लेट नाई वो. हिशोबानं लेट!” अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती, तिला उधाण म्हणतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती जाणार असेल त्या दिवसांची यादी मुंबईची महापालिका आधीच जाहीर करते. काकूंच्या बिल्डिंगीतल्या चौकीदारानं ती भिंतीला चिकटवली होती. भरती असताना मोठा पाऊस झाला की नाल्यातलं पाणी समुद्रात जाईनासं होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबई त्यातच बुडाली. म्हणून समुद्राकाठी घर बघायला जाणाऱ्यानं खिडकीआधी ती यादी बघावी, आणि तळमजल्याच्या भिंतीवर ओलीची रेघ किती वर आहे तेही.

“अन अमावास्या म्हटलं का मले पोळा आठवला,” काकू सांगत होत्या. “पोळा अमावास्येचा, गोटमार दुसऱ्या दिवशी. म्हंजे दरवर्सी गोटमारीच्या दिवशी तिकडं उधाणच! मी त्या दिवशी खाली जाऊन बसली. म्हटलं, आता पळसाचं झाड गाडलं असन जाम नदीत, आता पल्याडचे सावरगाववाले राखन करून राह्यले असन, आता आपले पोट्टे झेंडा तोडायले धावून राह्यले असन. अन समोर काय? इकडं तुमी गोटे फेकून राह्यले, तिकडं समुद्र पन्न्या फेकून राह्यला! बाप्पा, एवढ्या पन्न्या! चपला, बाटल्या, बाहुलीचं मुंडकं. मानसानं वर्सभर टाकलेलं सारं त्यानं आनून दारात ठेवलं.”

हसून झाल्यावर काकूंनी पुढचं सांगितलं, ते मीही पूर्वी वाचलं होतं. वर्सोव्याचा हा किनारा एके काळी वाळू दिसू नये इतका कचऱ्यानं भरलेला होता. २०१५ च्या ऑक्टोबरात तिथे राहायला आलेला एक वकील, अफरोझ शाह, खाली उतरून कचरा वेचू लागला. सोबतीला कोण, तर शेजारचे ८४ वर्षांचे आजोबा. बस, दोन शेजारी. मग दर शनिवार-रविवारी माणसं वाढत गेली, कोळीवाड्यातली, शाळांमधली. २०१६ ला शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला. आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. जवळपास वीस वर्षांत तिथे असं कोणी पाहिलं नव्हतं. पुरस्कारापेक्षा मला पिल्लांचं अप्रूप जास्त. त्यांना कोणी निमंत्रण दिलं नव्हतं.

“माहा पोरगा नातीले घेऊन जाते रविवारी. चार वर्साची पोट्टी, हातात मोजे घालून वेचते. अन वेचलं का पुन्हा भरती येते, पुन्हा आनून टाकते. मी विचारलं, मंग काऊन वेचता? तं म्हने, आई, तू अंगन रोज झाडते ना?”

यावर काकूंकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या हातात खराटाच होता.

मग विषय आपसूक जामेवर आला. जाम पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता, ती सिरोंच्यापाशी गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. मी हे परातीतल्या देठांनी कुंपणाच्या दगडावर मांडून दाखवलं.

“म्हंजे काकूच्या पोराचा समुद्र अरबी, अन आपला बंगालचा,” ताई म्हणाल्या. त्यांना ही वाटणी आवडली. कन्हान सौंसरकडून जाते, त्यामुळे समुद्राच्या जास्त जवळ आपणच, असंही त्यांनी लगेच धरून टाकलं.

“अन आपल्या पन्न्या?” काकू म्हणाल्या. “त्याबी जात असन ना पुरात. तिकडं आंध्रात एखादी म्हातारी बसली असन नातीले घेऊन, अन म्हनत असन, कोन फेकून राह्यलं बाप्पा!”

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मी आठवत होते, गोटमार सोडून जामेच्या काठावर मी शेवटची कधी गेले. वर्षाचा एक दिवस पांढुर्णा आणि सावरगाव दोन्ही काठांवर लोटतात, चंडीमातेचं नाव घेतात, डोकी फोडून घेतात, आणि एरवी एकमेकांत सोयरिकी करतात. नुसतं फल्ली खायला, पाय पसरून, समोरच्या काठावरच्या माणसाला हात करायला मात्र मी गेल्याचं मला आठवेना. मी राहते जामेपासून दहा मिनिटांवर.

“काकू, खरं सांगा,” ताईंनी शेवटी विचारलं, “राहाल का तिथं कायमच्या?”

काकूंनी विचार केला. “राहीन. पन ते कोळीन अन ते वेचनारे पोट्टे तिथं असन तवर. नुसत्या पान्यापाशी राहून काय करू? तवाच घासू का?”

मग त्यांनी खराटा भिंतीला लावला. उद्या सकाळी सहाला जामेवर फिरायला जायचं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. ताई म्हणतात, येते, पण पोतं मी धरणार नाही. आमच्या बाजूच्या कोणाला यायचं असेल तर या. सावरगाववाल्यांनी त्यांच्या काठानं यावं. पोतं ज्याचं त्यानं घरून आणावं.