भाचेरावांना सध्या वेळ नाही

रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या कोथरूडच्या घराची बेल वाजते, ती सलग तीनदा. एकदा वाजवून दार उघडेपर्यंत थांबायला ज्याला सवड नाही, असा आमच्या नात्यात एकच माणूस. दारात भाचेराव उभे असतात. पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात मळक्या कपड्यांनी फुगलेली पिशवी, कानात ती पांढरी बोंडं आणि ओठांवर बोट. म्हणजे कॉल चालू आहे. कपडे मशीनपाशी जातात, भाचेराव जेवणाच्या टेबलापाशी आणि मामी, म्हणजे आमची सौ., पोहे भिजवायला. पुढची वीस मिनिटं घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली तर मामी कुकरकडेच रागानं बघते.

माझ्या सांगलीच्या बहिणीचे हे थोरले चिरंजीव. आधी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, मग त्या पदवीशी काडीचा संबंध नसलेलं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम दोन वर्षं हिंजवडीत केलं आणि एका नोव्हेंबरात एमबीएच्या प्रवेशासाठी कॅटला बसले. दोन तासांची परीक्षा, तीन भाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. एक भाग आधी संपला म्हणून पुढच्यात डोकावता येत नाही. ९४ पर्सेंटाइल आले. बहिणीला ते ९४ टक्के वाटले आणि गल्लीभर पेढे गेले. मी जन्मभर बँकेत काढलेला माणूस, आकड्यांच्या बाबतीत मला गप्प बसवत नाही. शंभरातले चौऱ्याण्णव मागे राहिले इतकाच त्याचा अर्थ, गुण म्हणशील तर निम्मेसुद्धा नाहीत, असं मी फोनवर सांगून टाकलं. त्याचे टोमणे मी अजून ऐकतो.

जुलैत शहराबाहेरच्या एका कॉलेजात भाचेराव दाखल झाले आणि पंधरा दिवसांत त्यांचा वेळ संपला. तो कुठे गेला ते त्यांच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरात दिसतं. निळा रंग तासांचा, हिरवा क्लबांचा, लाल परीक्षांचा, जांभळा ग्रुप मीटिंगांचा. पिवळा झोपेचा. रांगोळीत हळद संपत आल्यावर चिमटीनं टाकावी, तसा तो पिवळा इथेतिथे दिसतो. रात्री अकराची मीटिंग साडेबाराला सुरू होते, कारण अकरा वाजता सगळे दुसऱ्या मीटिंगमध्ये असतात. आमच्या पिढीत अमृतसिद्धी, गुरुपुष्य असे योग असत. यांचा एकच मुहूर्त, रात्रीचे ११.५९. सगळ्या असाइनमेंटा त्या मिनिटाला चढतात. ११.४० पर्यंत सहा जणांच्या ग्रुपमध्ये वाद चालतो तो स्लाइडवरचा निळा रंग जरा गडद करावा का, याचा. सहातला एक जण काम करतो, दुसरा त्याला फॉन्ट सुचवतो, तिसऱ्याच्या गावी नेटवर्क नसतं आणि बाकीचे तिघं 'छान झालंय, पुढे पाठवा' म्हणतात. आमचे भाचेराव कुठल्या गटातले, हे मी विचारलं नाही. एकदा रात्री आमच्याकडेच मुक्काम होता, तेव्हा बाराला दोन मिनिटं कमी असताना ते 'छान झालंय' म्हणताना ऐकू आलं.

वर्गात बोलण्याला गुण असतात. त्याला सीपी म्हणतात. समोर नावाची पाटी, हात वर, काहीतरी बोलायचं, कुणीतरी टिपून ठेवतो. सांगण्यासारखं काही नसतानाही बोलायचं तर आधीच्याच्या मुद्द्याचं शेपूट धरायचं. ही सवय घरी आली. एका रविवारी मामी जेवताना म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय." भाचेरावांनी घास ठेवला. "मामीच्या मुद्द्यात मी थोडी भर घालतो. मीठ कमी आहेच, पण हा प्रश्न फक्त मिठाचा नाही, एकंदर चवीच्या धोरणाचा आहे." मामीनं मिठाची बरणी त्यांच्यापुढे सरकवली. अशा पोकळ बोलण्याला त्यांच्याकडे 'ग्लोब' म्हणतात, हे मला नंतर कळलं. आमच्या बँकेत त्याला झोनल ऑफिसचं परिपत्रक म्हणत.

भाषा तर पार बदलली. "मामा, तुमच्याशी जरा टच बेस करायचं होतं." "हे आपण ऑफलाइन घेऊ." मी समोर बसलेलो असताना आणखी किती ऑफलाइन व्हायचं? भाजी आणायला सांगितली तर "आत्ता बँडविड्थ नाहीये मामी." बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपनं १९७० च्या सुमाराला धंद्यांची चार घरांत वाटणी करणारा एक तक्ता काढला. त्यात दुभती गाय असते, तारा असतो, प्रश्नचिन्ह असतं आणि कुत्रा असतो. गणपतीत भाचेराव आमच्याकडे जेवायला आले असताना (एकूण मुक्काम २२ मिनिटं, आरती धरून) त्यांनी पेपर नॅपकिनवर त्या तक्त्यात आख्खं घर बसवलं. माझी पेन्शन दुभती गाय. बंगळूरला असलेली आमची कन्या तारा. स्वतः प्रश्नचिन्ह; हा प्रामाणिकपणा मला आवडला. कुत्र्याच्या घरात माझी स्कूटर. ज्या स्कूटरवर बसवून याला मी बालवाडीच्या वयात सारसबाग दाखवली, ती.

डब्याची हकिगत सांगायलाच हवी. मेसच्या जेवणानं पोरगा वाळला, असं मामीच्या मनानं घेतलं. एका बुधवारी भरली वांगी, ज्वारीच्या भाकऱ्या, खोबऱ्याची चटणी असा चार पुडांचा डबा घेऊन मी दोन बस बदलून कॉलेजच्या फाटकाशी पोचलो. फोन केला. कट झाला. मेसेज आला, "मीटिंगमध्ये. दहा मिनिटं." पन्नास मिनिटं मी सिक्युरिटीच्या खुर्चीवर बसलो आणि त्या गृहस्थांच्या मुलीच्या लग्नाचा सगळा तपशील ऐकला. शेवटी डबा तिथेच ठेवून परतलो. तो वर पोचला दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि वांग्यांनी तोवर वेगळा मार्ग धरला होता. मीटिंग कसली होती, हे रविवारी कळलं. मुंबईचे डबेवाले! त्यांच्यावर हार्वर्डनं २०१० साली केस लिहिली आहे, आणि भाचेरावांच्या ग्रुपला तीच सादर करायची होती. १८९० पासून चालत आलेला उद्योग, मावळ-खेडकडची शेतकरी माणसं, झाकणावर रंगवलेल्या खुणा, ना कॉम्प्युटर ना चिठ्ठी, तरी डबा बरोबर ज्याच्या त्याच्या टेबलावर. राजपुत्र चार्ल्स २००३ साली त्यांना चर्चगेटला येऊन भेटला, लग्नाला त्यांच्यातल्या दोघांना बोलावलं, हे सगळं भाचेरावांनी मला मन लावून सांगितलं. हॉस्टेलच्या फाटकापासून खोलीपर्यंतचं अंतर त्या केसमध्ये नव्हतं.

भाचेरावांच्या शिक्षणात माझा सहभाग आणखी एका कागदापुरता आहे. फी वीस लाखांच्या घरात. कर्जाच्या अर्जावर जामीनदार म्हणून माझी सही. अशा शेकडो कर्जांवर मी टेबलाच्या पलीकडून सह्या केल्या होत्या. अलीकडून पहिल्यांदाच केली, आणि पेन जरा जड लागलं. कोर्सचा काळ आणि त्यावर एक वर्ष हप्ता नाही, व्याजाचं मीटर मात्र पहिल्या दिवसापासून फिरतं. भाचेरावांनी एका रात्री हे सगळं एक्सेलमध्ये घातलं. फी, व्याज, हिंजवडीचा सोडलेला पगार एका बाजूला, पुढच्या दहा वर्षांच्या पगाराचा अंदाज दुसऱ्या बाजूला, आणि स्वतःची निव्वळ वर्तमान किंमत काढली. मामीनं कौतुकानं विचारलं, "किती आली रे?"

"सध्या उणे आहे."

मामीनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली.

पण या वेळ नसण्याच्या मुळाशी एक चीज आहे, तिचं नाव समर्स. एप्रिल-मे महिन्यांत दोन महिने कंपनीत काम करायचं असतं आणि त्याच्या मुलाखती त्याच्या आधीच्या पावसाळ्याअखेर सुरू होतात. म्हणजे जुलैत शिकायला आलेल्या पोरानं सप्टेंबरात शिकलेलं दाखवायचं. म्हणून क्लब, म्हणून समित्या, म्हणून केस स्पर्धा. सीव्हीवर एकेक ओळ कमवत हिंडायचं. पूर्वी देवळाच्या पायरीवर देणगीदाराचं नाव असे, तसं यांना एका पानात पंधरा पायऱ्या बांधायच्या असतात. मुलाखतींसाठी लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेला सूट आमच्याच कपाटात टांगला होता, कारण हॉस्टेलच्या कपाटात दमट लागतं. टायची गाठ मी बांधून दिली. ती न सोडता तशीच सैल करून काढायची आणि पुढच्या वेळी डोक्यातून घालायची, ही तोड भाचेरावांची.

पहिल्या मोठ्या कंपनीची यादी सप्टेंबरअखेर लागली. तो बुधवार होता. बेल एकदाच वाजली, म्हणून मामीला वाटलं कुरिअरवाला आहे. भाचेराव आत आले, फोन टीव्हीवर पालथा ठेवला आणि मामीसमोर जमिनीवर बसून मेथी निवडू लागले. काय झालं ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. दोन जुड्या निवडून झाल्या. मग मामी आतून कोथिंबीर घेऊन आली. खरं तर कोथिंबीर त्या दिवशी लागणार नव्हती.

पानं खुडता खुडता त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं असावं. सीव्हीत 'उद्योजकता' या रकान्यात काही नव्हतं. दसरा झाला आणि भाचेराव मामीच्या चकल्या हॉस्टेलवर विकायला निघाले. पाव किलोचं पाकीट, किंमत दीडशे रुपये. पहिल्या रविवारी ते लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात उभे राहिले आणि उत्पादनप्रक्रियेचं निरीक्षण केलं. इस्रायलच्या गोल्डरॅटनं १९८४ साली 'द गोल' नावाची कारखान्यावरची एक कादंबरी लिहिली. सगळी साखळी तिच्यातल्या सर्वांत संथ कडीच्या वेगानं चालते, हे तिचं सार. भाचेराव म्हणाले, "मामी, तुझा अडथळा कढई आहे. दुसरी लाव."

"अडथळा तुझा मामा आहे," मामी सोऱ्या फिरवत म्हणाली. "दर अर्ध्या तासानं चहा मागतो. दुसरी शेगडी त्यातच जाते."

मग हिशेब निघाला. भाजणी, तेल, गॅस, पिशव्या, स्टिकर. सगळं पैशापैशानं मांडलेलं. मामीनं चष्मा लावून दोनदा वाचलं. "यात माझे हात कुठे आहेत?"

"मामी, ती सन्क कॉस्ट धरलीय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... एकदा झालेला खर्च, परत न येणारा. बुडीत."

मामीनं गॅस बंद केला. कढईतल्या चार चकल्या तशाच गरम तेलात बसून राहिल्या. मी वसुली विभागात सहा वर्षं होतो, पण इतक्या झटपट तडजोड झालेली पाहिली नाही. किलोमागे ऐंशी रुपये मजुरी ठरली आणि गॅस पुन्हा पेटला. पहिल्या आठवड्यात दहा पाकिटं गेली, दुसऱ्यात चौदा. नंतर कपडे वाळत घालताना पिशवीच्या तळाशी सीव्हीची एक चुरगळलेली प्रत सापडली. तिच्यावर या सगळ्याच्या तीन ओळी होत्या. 'पारंपरिक खाद्यउद्योगाचं नेतृत्व केलं. आठवडाभरात विक्रीत ४० टक्के वाढ साधली. प्रमुख भागधारकाशी वाटाघाटी यशस्वी केल्या.' आकड्यात खोट काढता येईना. मी बँकेचा माणूस, काढली असती.

दिवाळीच्या चार दिवस आधी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीची मुलाखत झाली. घेणाऱ्या तिघांत एक मराठी बाई होत्या. त्यांनी बाजारपेठ, वितरण काही न विचारता थेट विचारलं, "चकली तळताना तेलात विरघळायला लागली तर काय चुकलेलं असतं?" भाचेराव सावरून बसले आणि म्हणाले, "ते आमच्या ऑपरेशन्स हेड बघतात." बाई हसल्या. निवड झाली. बाहेर येताच भाचेरावांनी मामीला फोन केला. मोहन जास्त झालं, हे उत्तर मामीनं दिलं, निवडीची बातमी नंतर ऐकली.

त्या रात्री सांगलीहून बहिणीचा फोन. पोरगा पाडव्याला घरी येईल का? मी म्हटलं, बघतो. भाऊबीजेला आमची कन्या बंगळूरहून येणार होती, तेव्हा बहीण-मेहुणेही पुण्यालाच या, सगळे आमच्याकडे जमू, असं ठरलं. भाचेरावांना कळवलं. "नक्की मामा, ब्लॉक करतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामीच्या फोनवर टिंग झालं. भाचेरावांचं निमंत्रण होतं, आमच्याच घरचं. भाऊबीज, सकाळी ११.४० ते दुपारी १२.१०. स्थळ, मामाचं घर. विषय, ओवाळणी व भोजन. खाली तीन चौकटी होत्या. होय, नाही, कदाचित.

मामीनं चष्मा पुसला, तिन्ही वाचल्या आणि 'कदाचित'वर बोट ठेवलं.