फायबरवाले अण्णा
शिरूरहून दौंडला निघालेल्या माणसाला न्हावऱ्यात अण्णा भेटणं हा योग नव्हे, भोग आहे. रस्त्याकडेला मोडकी छत्री, तिच्याखाली स्टूल, स्टुलावर स्प्लायसिंग मशीन आणि त्यावर पाळण्यावर वाकावं तसे वाकलेले अण्णा. जेसीबीनं कुणाची तरी पाइपलाइन खोदताना फायबर तोडलेली असते. केसाएवढ्या काचेच्या तारेत 9 मायक्रॉनचा गाभा, त्यातून उजेड धावतो. तुटलेली टोकं समोरासमोर आणायची आणि ठिणगीनं वितळवून सांधायची, हा अण्णांचा धंदा. "सोयरीक जुळवणं सोपं," ते म्हणतात, "तिथं थोडं वाकडंतिकडं चालून जातं."

'काय चाललंय अण्णा?' एवढं विचारायचा अवकाश.

"हे बघा, शिरूर म्हणजे लेझर. सगळा उजेड एका चालीनं निघाला. न्हावऱ्याला फाटा. निम्मा चौफुल्यावरून, निम्मा इनामगाव-काष्टीवरून. दौंडात परत गाठ. पावलात पाऊल पडलं तर लख्ख. एकाचा डावा अन् दुसऱ्याचा उजवा पडला, की अंधार! याला म्हणायचं इंटरफेरोमीटर."

"मग उजेड गेला कुठं?"

"दुसऱ्या दारानं बाहेर. हरवत नाही तो. सरकारी पैशासारखं नाही ते."

ही युक्ती झेंडरनं 1891 साली मांडली, माखनं 1892 साली. तरी नाव पडलं माख-झेंडर. "मागनं येऊन सातबाऱ्यावर नाव वर! बाप कोण? अर्न्स्ट माख!" (बापाच्या वजनाचं हे अण्णांचं मत, मी जामीन राहत नाही.)

यानंतर ॲम्प्लिफायर येतो. सेमीकंडक्टर लेझरच्या दोन्ही टोकांचं आरशाचं काम बंद पाडलं, की झाला ॲम्प्लिफायर. आरशापुढून हलला, की माणूस दुसऱ्याचं मोठं करायला मोकळा, ही अण्णांची पुस्ती. तसे दोन, दोन्ही वाटांवर एकेक बसवायचे. एकात तिसराच उजेड घुसवला, की तिथली चाल बदलते आणि दौंडात लख्ख होतं तिथं काळोख. उजेडानंच उजेडाचं बटण दाबायचं, आणि सगळा संसार नखाएवढ्या चिपवर. "ग्रामपंचायतीला तिसरं पॅनल उभं करतात ते कशाला, सांगा!"

अण्णांनी ती चिप पाहिलेली नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला मात्र ते जाऊन आलेत. तिथल्या 30 तबकड्या, प्रत्येक 45 मीटर व्यासाची. त्यांनी टिपलेले आकाशातले रेडिओ संदेश लेझरवर स्वार होऊन काचेच्या तारेतूनच येतात आणि एकमेकांशी ताडून पाहिले जातात. हे कळल्यापासून अण्णा स्वतःला खगोलशास्त्राच्या भावकीतले समजतात.

ॲम्प्लिफायर आलेला उजेड वाढवतो, पण पदरचा थोडा गोंगाटही त्यात घालतो, असं त्यांनी एकदा सांगितलं.

"म्हणजे तुमच्यासारखाच," मी म्हणालो.

अण्णांना ते इतकं पटलं, की चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते माझ्याकडे परत आलं तेव्हा मूळ वाक्य अण्णांचं झालं होतं, आणि ॲम्प्लिफायर मी.

तेव्हा न्हावऱ्याच्या फाट्यावर छत्रीखाली कुणी वाकलेला दिसला, तर नमस्कार करा, पुढं व्हा. दौंडात रेल्वे गाठायची असेल तर नमस्कारही चालत्या गाडीतूनच करा.