दोन बोटं वर

आमची बोलेरो २००८ ची. नाशिकला जन्मली, परळीत नांदली. आता मागून ती इतकी बसली आहे, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, पंगत उठली तरी हा पाहुणा अजून तक्क्याला टेकूनच आहे. कंपनीने कागदावर तिच्या पोटाखाली १८० मिलिमीटर जागा दिली होती. त्यातली किती उरली हे मी कधी मोजलं नाही. गावाकडचा रस्ता ते रोज मोजतो आणि खर्रर्र असा आवाज करून आकडा सांगतो.

रस्ता कोणत्या खात्याचा हे लिहीत नाही. तीन खात्यांकडे चौकशी केली, तिघांनीही तो दुसऱ्याचा असल्याचं सांगितलं. मग उगीच एकाचं नाव घेऊन बाकी दोघांवर अन्याय कशाला? त्या रस्त्याने वर्षभर टिपर जातात, उसाच्या दिवसांत ट्रॉल्या जातात, आणि काळ्या मातीत पावसाळाभर त्यांची चाकं रुतून दोन बाजूंना दोन नाल्या पडतात. मधे वरंबा उरतो. दिवाळीनंतर तो वाळून दगड होतो. ‘चाकोरी’ हा शब्द आमच्या शाळेत मराठीच्या सरांच्या ताब्यात होता, मी गणिताचा. मला तो शब्द डिफरन्शियलला लागल्यावर कळला.

तेव्हा गाडी वर घ्यायचं ठरलं.

परळीत हे सांगायला लाजायचं कारण नाही. जिथे साक्षात वैद्यनाथ बसला आहे, तिथे कंबरदुखी घेऊन येणाऱ्याला कोण हसणार? (देवघरवाले म्हणतात, खरा वैद्यनाथ झारखंडात. म्हणोत. आमच्या गाडीला तिथवर जाणं शक्य नाही, त्यामुळे आमच्यापुरता तो वाद मिटलेला आहे.) शिवाय बीडला जायलाही गाडीच लागते. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ साली मंजूर झाली. १७ सप्टेंबर २०२५ ला ती नगरहून बीडपर्यंत आली. आम्ही दुसऱ्या टोकाला पाटी घेऊन उभे आहोत.

गावाबाहेर एक कमान-पाटेवाला आहे. पत्र्याची शेड, कोळशाची भट्टी, एक ब्लोअर, आणि जमिनीत अर्धी पुरलेली ऐरण. भट्टीतून लालभडक पाटा चिमट्याने बाहेर येतो, ऐरणीवर त्याला कमान मारली जाते, आणि मग तो तेलात बुडतो तेव्हा असा धूर उठतो की समोरचा माणूस दिसेनासा होतो. मिस्त्री त्या धुरातूनच बोलतो. त्याने माझ्या गाडीच्या मागच्या चाकावर हात आडवा धरला, टायर आणि मडगार्ड यांच्या मधे बोटं सारली आणि म्हणाला, “चार बोटं हाय. सहा पाहिजेत. कामून वर घ्यायलेत सर?”

“खाली लागायलीय.”

“माल काय असतो?”

“आई.”

त्याने चिमटा खाली ठेवला. “वजन?”

“अठ्ठेचाळीस किलो. गेल्या महिन्यात दवाखान्यात केलं होतं.”

“अन् अठ्ठेचाळीस किलोला पाटा वाढवू? सर, पाटा पोत्याला टाकतेत.”

त्याचं म्हणणं पूर्ण शास्त्रशुद्ध होतं. पाटा वजनाखाली दबतो म्हणून तो पाटा. वजनच नसेल, तर दबायचं काम आत बसलेल्या माणसाला करावं लागतं. हंगामाच्या तोंडावर त्याच्याकडे रांग लागते ती अशांची, ज्यांना कागदावर आहे त्याहून अधिक भरायचं असतं. त्यांना गाडी उंच नको असते. भरल्यावर ती बसलेली दिसू नये, एवढंच हवं असतं. एक जादा पाटा सरकवला की भरलेली गाडीसुद्धा रिकाम्या माणसासारखी ताठ उभी राहते. माझ्यासारखा रिकामाच माणूस जादा पाटा मागतो, हे त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

मग त्याने बाकीचे रस्ते सांगितले. जुन्याच पाट्यांना भट्टीत घालून कमान चढवायची. वर येते, पण ताव चुकला तर वर्षभरात पुन्हा बसते. एक्सल आणि पाटा यांच्या मधे लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टने आवळायचा. स्वस्त काम, फक्त यू-बोल्ट ढिला झाला तर ठोकळा एकीकडे आणि आपण एकीकडे. पुढे कॉइल आहे, तिच्यावर जाड चकती बसवायची. म्हणजे पुढून गाडी मान वर करते, तिच्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि डिपर मारण्याचे कष्टही वाचतात. चासी आणि बॉडी यांच्या मधे रबराचे उंच गट्टू घालून नुसती बॉडी उचलता येते, हेही त्याने सांगितलं. पण “ते आपल्याकडं नको” म्हणून स्वतःच खोडलं. रबराचे बफर मिळतात, स्प्रिंगच्या वेटोळ्यात खोचायचे. त्याबद्दल बोलताना त्याने तोंड असं केलं, जसं आमच्या काळी आम्ही गाइडबद्दल बोलताना करायचो.

शॅकलचा मार्ग मात्र मला मनापासून आवडला, कारण त्यात गणित होतं. पाट्याचं पुढचं टोक चासीला पक्कं असतं. मागचं टोक शॅकलला लोंबतं. एक्सल मधोमध. शॅकल दोन इंच लांब केली की मागचं टोक दोन इंचांनी सरकतं, पुढचं शून्याने. मधल्या एक्सलच्या वाट्याला येते सरासरी, म्हणजे एक इंच. टायर मोठे घातले तरी तोच हिशेब. व्यास दोन इंचांनी वाढवा, गाडी एकच इंच वर येते. दुसरा इंच टायरच्या वरच्या अंगाला, मडगार्डकडे जातो. वर स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो तो वेगळाच. मंजूर दोन, पोचला एक. पस्तीस वर्षं वर्गात प्रमाण शिकवताना मला घाम फुटायचा, आणि इथे मिस्त्रीला एक शब्द जास्तीचा सांगावा लागला नाही. उलट तोच म्हणाला, “अर्धा पोचतो म्हणल्यावर लई झालं की सर.”

“बरं, शॅकल घाल. मग खाली लागणार नाही ना?”

“काय लागणार नाही?”

“डिफरन्शियल. वरंब्याला.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग गाडीखाली वाकला, मलाही वाकायला लावलं. मागच्या दोन चाकांच्या मधे एक्सलची आडवी नळी आणि तिच्या पोटाशी तो लोखंडी भोपळा लटकलेला होता, वरंब्याने घासून घासून खालून चांदीसारखा चकचकीत झालेला. “सर, हे चाकांना अडकलेलं हाय. वर पाटा टाका, ठोकळा टाका, शॅकल लावा, सगळं ह्याच्या वर होतंय. चासी वर जाती, शीट वर जाती, तुमी वर जाता. हे हितंच राहतंय.”

गणिताच्या मास्तरला ही गोष्ट स्वतःहून कळायला हवी होती. गतिरोधकाची गोष्ट निराळी. तिथे चाकंही वर चढतात, एक्सलही त्यांच्यासोबत चढतो. लागतं ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं पोट, आणि गाडी वर घेतली की ते सुटतं. पण चाकोरीत चाकं खाली आणि वरंबा मधे. तिथे पाट्यांवर पाटे रचून गाडी पिंपळाच्या शेंड्याला नेली तरी तो भोपळा होता तिथेच. त्याला वर आणायचा एकच उपाय, टायर. आणि त्यातही अर्धा.

परळीच्या माणसाला हे तत्त्व खरं तर बाहेरून शिकवावं लागू नये. १९७१ पासून आमच्याकडे औष्णिक विद्युत केंद्र आहे. आज २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. वीज तारांवर चढून राज्यभर जाते. राख इथेच राहते.

मी घरी आलो तो विचार करत, की मग एवढ्या गाड्या वर का घेतात लोक? तालुक्यात जी पांढरी, काळ्या काचांची, मागे ‘दादा’ किंवा ‘भाऊ’ लिहिलेली धुडं फिरतात, ती एवढी उंच कशासाठी? त्यांच्या एक्सललाही तोच भोपळा आहे. उत्तर संध्याकाळी चौकात मिळालं. अशी गाडी थांबली, की तिच्यातल्या माणसाशी बोलायला मान वर करावी लागते. बस, एवढंच काम आहे त्या ठोकळ्यांचं. आमच्याकडे माणूस केवढा हे गाडीच्या पायरीवरून ठरतं: चढायला पायरी लागली की तो तालुक्याचा, आणि पायरीवर चढायला कुणाचा खांदा लागला की जिल्ह्याचा. वळणावर ती गाडी उलटायला निघते, कारण तिचा गुरुत्वमध्य मालकाबरोबर वर गेलेला असतो. जॉइंटचा क्रॉस तिरका चालून ओरडतो, ब्रेकची नळी ताणते. पण खाली उभ्या असलेल्या माणसाला हे कुठे दिसतं? त्याला फक्त कोपर दिसतं, काचेतून बाहेर आलेलं.

कायद्याला मात्र सगळं दिसतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, कंपनीने दिलेल्या गाडीत नोंदणीच्या तपशिलाविरुद्ध फेरफार करू नका. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही ठरला: प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मिस्त्रीने सांगितलेल्या उपायांची बेरीज केली तर माझ्या गाडीवर तिच्या किमतीएवढा दंड सहज बसला असता. आणि कुणी म्हणेल रस्त्याला कायदा नाही, तर तेही खोटं. त्याच दुरुस्तीने कलम १९८-क आणलं. रस्त्याच्या बांधणीत, देखभालीत ठरलेली मानकं पाळली नाहीत तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. अट एकच, त्या चुकीमुळे कुणी मेलेलं किंवा अपंग झालेलं असावं. आम्ही धडधाकट परत येत राहिलो, ही आमचीच कसूर.

मानकांवरून आठवलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर दिलेली आहे. ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी त्यावरून झोका घेतल्यासारखी जावी म्हणून. आमच्या वाटेवरचा एक गतिरोधक मी शाळेतली मोठी पट्टी नेऊन मोजला. उंची २३ सेंटिमीटर, रुंदी दीड फूट. एक पोरगं गाडीखाली येता येता वाचलं, त्या रात्री गावकऱ्यांनी स्वतःच वाळू-सिमेंट कालवून तो घातला. मी मोजत असताना एक म्हातारा पारावरून ओरडला, “सर, कमी पडतोय का?”

आता राहिलं पासिंग. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३ मध्ये गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून आणली. आदल्या वर्षीच्या एप्रिलपासून तिची फी ६०० वरून ५,००० झाली होती. तेवढी एक गोष्ट कुठलाही ठोकळा न लावता वर गेली. २०२८ मध्ये पुन्हा अंबाजोगाईला न्यावी लागेल. मिस्त्रीने त्याचीही सोय सांगितली होती. आदल्या दिवशी आणा, सगळं उतरवून देतो, पास करून आणा, संध्याकाळी परत चढवतो. उतरवण्याचे वेगळे, चढवण्याचे वेगळे.

शेवटी काय केलं ते सांगतो, म्हणजे वाचकांना माझ्यावर हसता येईल. मागच्या पाट्यांपैकी एक मधोमध तडकलेला निघाला. तो बदलला. पाट्यांच्या डोळ्यांमधले बुश इतके झिजले होते, की त्यांची जागा कुठली आणि पिनेची कुठली हे ओळखू येईना. ते नवे घातले. शॉकअप बदलले. बाकीच्या पाट्यांना होती तेवढीच कमान परत दिली. मिस्त्रीने बोटं घालून पाहिलं: साडेपाच. मला वाटलं, दीड बोट चढली. तो म्हणाला, “चढली नाही सर. कंपनीतून निघताना ही इथंच होती.” पैसे त्याने चढवण्याइतकेच घेतले.

वरंबा अजूनही लागतो. आता मी एक चाक वरंब्यावर आणि दुसरं कडेच्या गवतावर घालून, गाडी तिरकी धरून जातो. समोरून कुणी तसाच आला, की आम्ही दोघंही खाली उतरून कोण आधी चाकोरीत जाणार यावर बोलतो. गेल्या आठवड्यात अशा बोलण्यातून एक लग्न ठरता ठरता राहिलं.

दीड बोटाचा फरक पडला तो आईला. पूर्वी ती बसलेल्या गाडीत कशीबशी चढायची, आता गुडघा पोचेना. तिने घरातला जेवायचा पाट गाडीत टाकला. सोमवारी वैजनाथाच्या पायऱ्यांशी मी पाट खाली ठेवला, ती त्यावर पाय देऊन उतरली. तेवढ्यात शेजारी एक पांढरी, चांगलीच चढवलेली गाडी येऊन लागली. चार पोरं धावली, दार उघडलं. आतून पांढऱ्या कपड्यांतले एक ठेंगणे साहेब निघाले. पायरी होती, पण तिच्यापासून जमीन बरीच लांब होती. त्यांनी एक पाय खाली सोडला, तो हवेत थोडा हलवला आणि पुन्हा वर घेतला. पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग एकाची नजर पाटाकडे गेली.

“आजी, घेऊ का जरा?”

“घे की,” आई म्हणाली. “पण त्याला सांग, परत दे म्हणावं. मला माघारी चढायचंय.”