परळच्या गिर्यारोहकाचा चिमटा

सायकलच्या पुढच्या चाकाला स्प्रिंगचा चिमटा बसवावा, तो १०० मिलिमीटर दबणारा असावा, आणि त्याला ताठ करणारी कळ हँडलवर, म्हणजे चाळीच्या गॅलरीतून सहज दृष्टीस पडेल अशा जागी असावी, ही माझी मागणी घरच्या अर्थखात्याने ‘पाच हजारांत बसेल ते’ असा शेरा मारून मंजूर केली, तेव्हा मी मनाने हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पोहोचलोही होतो. काळबादेवीच्या दुकानदाराने मात्र माझ्या उदराकडे विनयपूर्वक पाहून विचारले, “काका, डोंगर कुठला?” माझ्या खाती जमा असलेले सर्वोच्च शिखर मलबार हिल, आणि तेही सायकल हातात धरून; तेव्हा मी विषय बदलला.

पाच हजारांच्या हद्दीत पोलादी स्प्रिंगच येते. ती कोणा सरासरी वजनाच्या मनुष्यासाठी घडविलेली असून, वरची फिरकी पिळल्याने तिचा आरंभीचा ताण तेवढा वाढतो, ताठरपणा नव्हे. हवेचा चिमटा ज्याच्या त्याच्या वजनाबरहुकूम पंपाने भरता येतो, आणि स्वार बसताच तो दबण्याच्या एकूण पल्ल्याच्या पाचव्या हिश्शाइतका दबावा असा दंडक आहे. परंतु त्याची किंमत ऐकल्यावर पुरवणी मागणी सादर करण्याचे धैर्य मला झाले नाही.

आता ज्यांच्याप्रीत्यर्थ हा खटाटोप, त्या खड्ड्यांचे कुलशील सांगणे प्राप्त आहे. पावसाळी खड्डा स्वयंभू असतो. आषाढात प्रकटतो, आणि वर पाणी साचल्याने त्याची खोली हे त्याचे खासगी रहस्य राहते. नळ आणि तारा टाकून बुजविलेला चर हा दप्तरी खड्डा. तो कागदोपत्री सपाट असतो. मांडवाच्या खांबाचा खड्डा धार्मिक, म्हणून लालबागेत त्यात पडणाऱ्याने तक्रार करावयाची नसते. आणि पेव्हर ब्लॉक! एक ठोकळा खचलेला, शेजारचा उगवलेला, तिसरा बेपत्ता. ही बारीक थरथर स्वस्त चिमट्याच्या गावीही नसते, कारण त्याच्या नळ्यांतले घर्षणच तिला पुरून उरते; ती थेट मनगटात येते. ज्या शत्रूशी माझी रोज गाठ, त्याच्यापुढे माझे शस्त्र असे निद्रिस्त!

या थट्टेला एक मर्यादा आहे. २०१५ च्या जुलैत जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात मोटरसायकल गेली आणि भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा १६ वर्षांचा प्रकाश गेला. तेव्हापासून ते स्वतःच्या हातांनी खड्डे बुजवीत आले. रस्त्याची हयगय झाली म्हणून एकाने चिमटा विकत घ्यावा, दुसऱ्याने फावडे उचलावे, आणि कर उभयतांनी वेळेवर भरावा, या कारभाराची मला मनस्वी चीड येते.

तेव्हा निकाल असा. पल्ल्याचे मिलिमीटर मोजण्यापूर्वी स्प्रिंगची उसळी आवरणारे तेल आत आहे की नाही ते पाहावे. चिमट्याची वरची दांडी सरळ २८.६ मिलिमीटरची की खाली रुंदावणारी, हे मापून मगच दुकान गाठावे. पाच हजारांतच भागवावयाचे असेल, तर ताठ चिमटा तसाच ठेवून रुंद टायर घ्यावा आणि त्यात हवा किंचित कमी भरावी. मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेचा टायर बनविणाऱ्या डनलॉपने १८८८ साली त्याचे पेटंट घेतले, त्याहून स्वस्त इलाज अद्याप निघालेला नाही. टायरचा खर्च मात्र रस्त्याच्या मालकाकडून येणे म्हणून मांडून ठेवावा.