मानधन मिळेल, मत सोबत आणावे

चौदा ते अठरा वयाच्या मुलाला मत असतं, ही गोष्ट बडोद्याच्या घडियाळी पोळेतल्या मराठी घरांच्या इतकी वर्षं ध्यानातच आली नव्हती. त्याला भूक असते, टक्केवारी असते, मिसरूड फुटायच्या आधीपासून उद्धटपणा असतो, एवढं ठाऊक होतं. पण भिंतींना कुठला रंग द्यायचा, आत्याच्या मुलीला आलेलं स्थळ कसं आहे, अशा चर्चेत त्यानं तोंड उघडलं की ‘तुला कुणी विचारलं?’ हा प्रश्न यायचा आणि त्यावर त्याच्याकडे उत्तर नसायचं. आता आहे. मुंबईच्या एका कंपनीनं विचारलंय. शिवाय विचारून घेतल्याबद्दल दीड तासाचे आठशे रुपये देऊ केलेत.

समोरच्या वाड्यातले अकरावीतले चिरंजीव सध्या या धंद्यात आहेत. धंद्याचं नाव ‘ग्रुप’. रात्री आठला माळ्यावर जायचं, कारण खालच्या जाड भिंतींतून नेटवर्क येत नाही, आणि लॅपटॉपसमोर बसून इंदूर, नागपूर, लखनौच्या आपल्यासारख्याच सात जणांबरोबर फेसवॉशवर बोलायचं. आजीला वाटतं क्लास आहे. आईला वाटतं, आजीला वाटतंय तर क्लासच असेल.

ग्रुपमध्ये शिरायला आधी चाळणी पार करावी लागते. पहिला प्रश्न ठरलेला: तुमच्या घरात कुणी जाहिरात, वर्तमानपत्र किंवा बाजार-संशोधनात काम करतं का? कुणी करत असेल तर तुम्ही बाद. आता हा प्रश्न बडोद्याच्या माणसाला विचारणं म्हणजे अन्यायच. देशातल्या बाजार-संशोधनाची सुरुवातीची काही पावलं पडली ती इथेच. विक्रम साराभाईंनी १९६० मध्ये ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप काढला तो बडोद्यात. त्या ओआरजीची माणसं औषधांच्या दुकानात जाऊन आधीचा साठा लिहीत, त्यात नवी खरेदी मिळवीत, उरलेला साठा वजा करीत, आणि किती बाटल्या खपल्या ते कंपनीला सांगत. दुकानदार काय म्हणतो यावर त्यांचा विश्वास नव्हता, बाटल्यांवर होता. पुढे १९७० च्या सुमारास त्यांनी देशभरातल्या जोडप्यांना कुटुंबनियोजनाबद्दलही विचारलं. त्या काळी असा माणूस दारात आला की पोरांना आधी खेळायला पिटाळत. आता पोरं दार लावून घेतात आणि आपण जिन्यात उभे. असो. चाळणीतल्या त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यायचं ठरवलं, तर कुणाचा काका, कुणाचे आजोबा ओआरजीतून निवृत्त झालेले निघतील आणि निम्मं शहर दारातूनच परत जाईल. चिरंजिवांनी आजोबांना ‘शेती’ या खान्यात टाकलं.

ती शेती पुढे उपयोगी पडली. कुटुंबाची प्रत ठरवण्याचं या धंद्याचं एक कोष्टक आहे. कमावता माणूस किती शिकलाय आणि ठरलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत, यावरून ए-वनपासून ई-थ्रीपर्यंत बारा पायऱ्या पडतात. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, संगणक, मोटार, एसी आणि शेतजमीन. बाबा पदवीधर, त्यामुळे पाया भक्कम. मोटार पोळेत शिरत नाही म्हणून घेतलेली नाही. पण शिरत असती तर घेतली असती, तेव्हा ‘आहे’. एसी मामाकडे आहे. शेतजमीन सांगलीकडे, चार चुलत्यांच्या दाव्यात. अशा रीतीनं, ज्या घरात नळाच्या वेळेवर वॉशिंग मशीन लागतं, ते घर एका संध्याकाळी ए-वन झालं. बाबांना तेवीस वर्षांच्या नोकरीत जमलं नव्हतं.

चाळणीचे प्रश्न बडोद्याला नवे नाहीत. १८७५ मध्ये गादीसाठी वारस शोधताना नाशिककडच्या कवळाण्याहून मुलं आणली होती. का आलात, असं विचारल्यावर बाकीच्यांनी काय सांगितलं ते कुणाच्या लक्षात नाही. बारा वर्षांचा गोपाळराव म्हणाला, राज्य करायला आलोय, असं सांगतात. तोच पुढे सयाजीराव महाराज झाला. आजच्या कंपनीनं त्याला बाद केला असता. उत्तर एका ओळीत, ‘आणखी काही सांगाल का’ या खान्यात काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे उमेदवाराला आपण का आलो ते माहीत आहे.

आमच्या चिरंजिवांना ते माहीत नसणं हीच त्यांची पात्रता. मॉडरेटरताई गोड आवाजात विचारतात, ‘हा फेसवॉश माणूस असता, तर कोण असता?’ हा खरोखरच विचारला जाणारा प्रश्न आहे, मी रचलेला नाही. पहिल्या ग्रुपात चिरंजिवांनी खरं उत्तर दिलं: फेसवॉशच असता. त्या महिन्यात पुन्हा बोलावणं आलं नाही. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, ‘पुण्यात शिकणारा, गिटार वाजवणारा, पण आईला रोज फोन करणारा दादा.’ ताई गहिवरल्या. ‘का बरं असं वाटलं?’ का, आणि मग त्या ‘का’चं का, असं पाच पायऱ्या खाली उतरत नेलं की म्हणे तळाशी ग्राहकाचं मन सापडतं. चिरंजीव प्रत्येक पायरीवर ताईंचा चेहरा बघून पुढचं उत्तर देतात. तळाशी जे सापडतं ते ताईंचंच मन असतं, पण ते अहवालात ‘आजची तरुणाई’ या मथळ्याखाली जातं.

आणि बघणारे वेगळेच. पूर्वी या खोल्यांत एका बाजूनं दिसणारी काच असे, तिच्यामागे कंपनीचे साहेब चहा-बिस्किटं खात बसत. आता काच गेली, कॅमेरा बंद ठेवून बसलेल्या पाच काळ्या चौकटी आल्या. पोळेत राहणाऱ्याला याचं नवल नाही. आमच्याकडे नवरात्रात अंबामातेच्या चौकात गरबा फक्त पुरुष खेळतात आणि बायका बघतात. कोण दमला, कोण ठेका चुकला, कुणाचं पोट सुटलं, याचा अहवाल दुसऱ्या दिवशी न मागता मिळतो. फरक इतकाच की त्या बायकांना आपण ओळखतो.

कायदा म्हणाल तर कडक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक ठरवलं. पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, बालकावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत; चुकलात तर दंड दोनशे कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तयारीसाठी कंपन्यांना दीड वर्षाची सवड मिळाली. तेवढ्या काळात चिरंजीव सज्ञान होतील आणि कायद्याच्या हातून एक बालक निसटेल. शिवाय त्यांनी बिस्किटाच्या नव्या चवीबद्दल ‘कुठेही वाच्यता करणार नाही’ असा करारही केलाय. अज्ञान मुलाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्येच मोहोरीबीबीच्या खटल्यात सांगून ठेवलंय. त्यामुळे ती चव दुसऱ्या दिवशी मांडवीपर्यंत पोचली.

फार दूरच्या कंपन्याही मागे नाहीत. फेसबुकनं संशोधनाच्या नावाखाली तेरा ते पस्तीस वयाच्या लोकांना महिन्याला वीस डॉलरपर्यंत देऊन त्यांच्या फोनमध्ये डोकावणारं अ‍ॅप बसवलं होतं. ते २०१९ मध्ये उघडकीला आलं. एकूण १,८७,००० लोक. त्यातले ३१,००० अमेरिकेतले, आणि त्यांतली किशोरवयीन मुलं ४,३००, असा चोख हिशेब कंपनीनं तिकडच्या लोकप्रतिनिधींना दिला. बाकी सगळे भारतातले. आमच्यातली मुलं वेगळी मोजून दाखवा, असा आग्रह इथे कुणी धरल्याचं ऐकिवात नाही. इथे पोरांना मत असतं हेच नुकतं कळतंय, मोजायला वेळ लागणार.

मानधन सहा आठवड्यांनी येतं. चिरंजिवांचं स्वतःचं खातं नाही, म्हणून आईच्या मोबाइलवर येतं, आणि आईच्या मोबाइलवर आलेले पैसे दुधाच्या हिशेबात जमा होतात. इतक्या ग्रुपांत चिरंजिवांनी फेसवॉश, बूट, चिप्स आणि हेडफोन यांवर देशाला दिशा दिली. विज्ञान घ्यायचं की वाणिज्य, या विषयावर मात्र एकाही कंपनीनं ग्रुप ठेवला नाही. तो निर्णय बाबांनी एकमतानं घेतला.

परवा नवं बोलावणं आलं. विषय: ‘माझे आईबाबा – घरात खर्चाचे निर्णय कोण घेतं, भांडणं कशावरून होतात, कोण आधी माघार घेतं.’ मानधन पंधराशे, कारण माहिती नाजूक. पालकांच्या संमतीचा ओटीपी बाबांच्या फोनवर गेला. बाबा न्हाणीघरात होते. ‘कसला रे ओटीपी?’ त्यांनी विचारलं. ‘क्लासचा,’ आजीनं बाहेरून सांगितलं. बाबांनी साबणाच्या हातानं फोन धरून सहाही आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले, आणि नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा एकदा वाचले.